मोहाची दारू विदेशी कशी झाली

२०२२ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोहाची दारू विदेशी ठरवली. मोहाच्या फुलांपासून आणि काजूच्या बोंडांपासून बनणाऱ्या मद्याला 'विदेशी मद्य' हा दर्जा द्यायचा, असा तो निर्णय. मुंबईतल्या एका बारमध्ये मी तेव्हा संध्याकाळच्या तयारीला लागलो होतो, म्हणजे लिंबं पिळत होतो. बातमी वाचली आणि शेजारी बर्फ फोडणाऱ्या पोराला म्हटलं, अरे, आमच्या चंद्रपूरचं झाड परदेशी निघालं. तो साताऱ्याकडचा. मोह म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नव्हतं. दीड-दोन वर्षांनी आमच्याच मेनूवर मोहाचं कॉकटेल आलं आणि शनिवारी रात्री तो ते डोळे मिटून बनवू लागला.

दारू विकण्यावर माझं पोट चालतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या.

'विदेशी' या शब्दाचं कोडं बाहेरच्या माणसाला उलगडत नाही. आपल्याकडच्या अबकारी खात्याच्या लेखी दारूचे मुख्य कप्पे दोन. देशी म्हणजे सरकारमान्य दुकानात मिळणारी, संत्र्या-मोसंबीच्या वासाची, स्वस्त. विदेशी म्हणजे व्हिस्की, रम, जिन, व्होडका, मग ती नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या मळीतून का काढलेली असेना. पुष्कळदा दोन्हींचं मूळ एकच, उसाची मळी. तिच्या स्पिरिटला संत्र्याचा वास लावला की देशी, आणि व्हिस्कीचा वास नि रंग चढवला की विदेशी. युरोपात व्हिस्की धान्याचीच असावी लागते, त्यामुळे आपली मळीची व्हिस्की तिथे त्या नावाने विकता येत नाही. इथे मात्र तिला विदेशीपणाचा मान. प्यायच्या परवान्यातसुद्धा हा भेद आहे: एक दिवसाचा परवाना देशीसाठी २ रुपयांचा, विदेशीसाठी ५ रुपयांचा. तीन रुपयांची जात.

आता अशा व्यवस्थेत मोहाला वर काढायचं म्हणजे काय करणार? तेव्हा तिसरा कप्पाच नव्हता. म्हणून विदेशी. २०२५ च्या जूनमध्ये तिसरा कप्पा निघाला, 'महाराष्ट्र मेड लिकर'. १८० मिलीची बाटली देशीची किमान ८० रुपयांना, विदेशीची २०५ ला, आणि ही नवी मधली १४८ ला. पण ती धान्यापासूनची. महाराष्ट्राचं नाव लागलं ते धान्याच्या स्पिरिटला, आणि ज्या झाडाला गोंड-माडिया माणसं लग्नापासून मर्तिकापर्यंत सोबत ठेवतात ते कागदोपत्री परदेशीच राहिलं.

सुरुवातीला मीही या निर्णयावर खूश होतो. दर्जा मिळाला, बाटली आली, मेनूवर नाव आलं, अजून काय हवं? आता वाटतं, प्रश्नच चुकीचा सोडवला. बाटलीवर कुठला शिक्का, याने बाटली भरणाऱ्याचा फायदा-तोटा ठरतो. मोहाचा खरा प्रश्न भट्टीचा आहे. ती कुणी पेटवायची?

आमच्याकडे फाल्गुनात मोहाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात. मग पहाटेच्या अंधारात फुलं गळायला लागतात. पिवळसर पांढरी, द्राक्षासारखी फुगीर, बोटांना चिकटणारी. बाया टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढलं की गुरं येतात आणि त्याच्या आधी अस्वल येऊन गेलेलं असू शकतं. एप्रिलमध्ये आमच्या जिल्ह्यातल्या पेपरात 'मोह वेचायला गेलेली महिला वाघाच्या हल्ल्यात ठार' ही बातमी येते. दर वर्षी येते, फक्त गावाचं नाव बदलतं. वेचलेली फुलं अंगणात वाळवून मनुकांसारखी झाली की साठवतात. थोडी खायला, थोडी विकायला. उरलेल्यांतली मडक्यात भिजत घातली की चार-सहा दिवसांत फेस धरतो. त्याला सडवा म्हणतात. पोलिसांच्या बातमीत हाच 'मोहसडवा' येतो, अमुक किलो जागीच नष्ट केला म्हणून.

माझ्या आजोळी शेजारच्या घरी ही भट्टी मी पाहिलेली आहे. चुलीवर सडव्याचं मडकं, त्यावर भोकांचं मडकं, त्याच्या पोटात धार झेलायला लहान भांडं, आणि सगळ्यात वर थंड पाण्याचं पातेलं. सांधे ओल्या मातीने लिंपलेले. वाफ वर चढते, गार पातेल्याच्या बुडाला लागून तिचं पाणी होतं आणि खाली टपटपतं. वरचं पाणी कोमट झालं की बदलायचं. किती वेळा पाणी बदललं, त्यावरून दारू किती कडक, ते ठरतं. थर्मामीटर नाही, काही नाही. ती बाई वरच्या पातेल्याला हाताचा मागचा भाग लावून बघायची आणि चुलीतलं एक लाकूड मागे ओढायची. पुढे मी मोठमोठ्या डिस्टिलरींतले तांब्याचे चकचकीत स्टिल, म्हणजे गाळपाची भांडी, बघितले, तिथल्या लोकांशी बोललो. ते करतात ते हेच: आच सांभाळणं.

एक गोष्ट मात्र त्या डिस्टिलरींत उलटी निघाली. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे सगळ्यात अस्सल. भाषणालाही म्हणतात, शिव्यांनाही म्हणतात. पण मुरलेला दारू गाळणारा पहिल्या धारेचा सुरुवातीचा भाग बाजूला काढून टाकतो, कारण घशाला ओरबाडणारी, डोकं चढवणारी द्रव्यं त्यात जास्त असतात. मधली धार घ्यायची, शेवटची पुन्हा बाजूला काढायची. या बाबतीत आपली म्हण चुकली आहे.

बारमध्ये मोहाचं मद्य हाताळणं सोपं नाही. भिजवलेल्या मनुका, थोडा धूर, आणि मागाहून पावसात भिजलेल्या गोणपाटाचा वास. टॉनिकमध्ये घाला, वास दुप्पट होऊन नाकावर येतो. आंबट लागतंच, आणि लिंबापेक्षा आमसुलाचं आंबट त्याला जास्त मानवतं. आम्ही ४५ मिली मोह, आमसुलाचा आगळ, थोडा काकवीचा पाक आणि चिमूटभर मीठ घालून खूप वेळ हलवतो, कारण बर्फाचं पाणी त्यात थोडं जास्तच उतरावं लागतं. ग्लास ८०० रुपयांना जातो, कर वेगळा.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. शेजारची तीच बाई, आता म्हातारी, विचारत होती, "मुंबईले आमच्या मोहाले कितीले घेते रे बाबू?" मी चारशे सांगितलं. निम्मं. का कमी सांगितलं, मलाच कळलं नाही. ती म्हणाली, "बाटली?" मी हो म्हटलं.

हिशेब करून बघा. हंगामात व्यापारी सुकी फुलं तीस-चाळीस रुपये किलोने उचलतो. घरगुती भट्टीत किलोभर फुलांतून अर्धा लिटर निघाली तरी त्यात ४५ मिलीचे अकरा पेग होतात. म्हणजे माझ्या ८०० रुपयांच्या ग्लासात फुलांचे चार रुपयेसुद्धा नाहीत. कर, बाटली, वाहतूक, बारचं भाडं, माझा पगार हे सगळं खरं आहे, त्यात लबाडी नाही. पण त्या साखळीत जिथे फुलाचं मद्य होतं, जिथे किंमत चढते, नेमक्या त्या पायरीवर फुलं वेचणाऱ्या बाईला उभं राहायला कायद्याने बंदी आहे. फूल विकलं तर ती 'लाभार्थी'. तेच फूल गाळलं तर दारूबंदी कायद्याचं कलम ६५.

ही बंदी संस्कृतीच्या काळजीपोटी आली, असं मानायचं कारण नाही. ती महसुलापोटी आली. एकोणिसाव्या शतकात मुंबई शहर मोठ्या प्रमाणावर मोहाचीच दारू पीत होतं आणि ती उरणच्या, बहुतांशी पारशी मालकांच्या, भट्ट्यांतून येत होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून गाळप मोजक्या ठिकाणी आणलं, म्हणजे कर गोळा करणं सोपं. लोक घरी गाळायचे थांबेनात, तेव्हा १८९२ साली खास मोहफुलांसाठी वेगळा कायदा आला आणि फूल जवळ बाळगण्यावरच निर्बंध आले. झाडाच्या फुलासाठी स्वतंत्र कायदा! त्याचा सूर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही उतरला. महाराष्ट्राने मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध सैल केले ते २०२१ मध्ये. इंग्रज जाऊन चौऱ्याहत्तर वर्षं होत आली होती.

आता दुसरं फळ बघू. नाशिकच्या द्राक्षाला २००१ मध्येच वाइनचं खास धोरण मिळालं, अबकारी शुल्कात सूट मिळाली, २०१० मध्ये 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा सरकारची बाजू मांडणारे सांगत होते की हा शेतकऱ्याच्या भल्याचा विषय आहे. मला तो युक्तिवाद पटतो. फक्त एकच शंका: द्राक्ष पिकवणारा शेतकरी, मग मोह वेचणारी कोण?

आणि सिंधुदुर्ग तर समोरच आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडला की तोच काजू, तीच लाल माती, पण नशीब वेगळं. गोव्यात बोंडं तुडवून रस काढतात, पहिल्या गाळपाचा उराक उन्हाळ्यात ताजा पितात, दुसऱ्या गाळपाची फेणी. भट्टीला हंगामी परवाना मिळतो आणि भट्टीवाला 'ग्राव' या जुन्या पोर्तुगीज मापात कडकपणा मोजतो. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचा वारसा म्हणून मान दिला. फेणीच्या वासाला नाक मुरडणारे आमचे गिऱ्हाईक आता उराक कधी येणार म्हणून मार्चमध्ये फोन करतात. इकडे दोडामार्ग-सावंतवाडीत बी काढून घेतली की बोंडं झाडाखाली कुजतात, नाहीतर टेम्पोत भरून गोव्याला जातात. परतीच्या गाड्यांतून जे येतं त्याला आपल्या बातम्यांत 'गोवा बनावटीची दारू' म्हणतात.

इथपर्यंत वाचून मोह म्हणजे अमृत, आणि भट्टी म्हणजे आदिवासींचं मंदिर, असं कुणी समजू नये. माझा एक मामा दारूनेच गेला, बेचाळीसाव्या वर्षी, आणि ती कारखान्याची नव्हती. दारू परंपरेची असली म्हणून ती पिऊन मारलेल्या बायकोच्या पाठीवरचा वळ परंपरेचा होत नाही. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती वरून आली नव्हती, गावोगावच्या बायकांनी ती लढून आणली. आदिवासींनी दारू सोडण्याला हत्यार केल्याचा इतिहासही मोठा आहे. १९२२ मध्ये अंगात आलेल्या देवीची आज्ञा म्हणून पसरलेली 'देवीची लाट' पालघरच्या किनाऱ्यावरून निघून सुरतेच्या डोंगरांत पोचली आणि हजारो आदिवासींनी दारू-ताडी सोडली; दारूवाल्या सावकारांची कंबर त्याने मोडली. त्यामुळे 'आदिवासी म्हणजे मोह पिणारा' ही बारच्या मेनूवर छापायची गोष्ट असेल, खरी नाही.

हातभट्टीच्या विषाचं भय दाखवतात, त्याचं मात्र नीट बघितलं पाहिजे. २००४ मध्ये विक्रोळीत, २०१५ मध्ये मालवणीत माणसं मेली. मालवणीत शंभराहून जास्त. ती मिथेनॉलने मेली, म्हणजे कारखान्यातल्या रसायनाने, जे कुणीतरी पैसे वाचवायला दारू म्हणून विकलं. फुलाच्या सडव्यातून तसलं प्रमाण येत नाही. चोरून चालणाऱ्या धंद्यात मात्र कॅनमध्ये काय आहे हे पिणाऱ्याला कधीच कळत नाही.

चंद्रपूरने दोन्ही बघितलं. २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. त्या सहा वर्षांत मी सुट्टीला गेलो की दुधाच्या कॅनमधून, स्कूटरच्या डिकीतून, एकदा तर वरातीच्या बँडच्या गाडीतून माल येताना बघितला. दुप्पट-तिप्पट भावाने. बंदी उठली तेव्हा दुकानं उघडली ती विदेशी नि देशीची. मोहाची भट्टी बंदीत गुन्हा होती, आणि बंदी उठल्यावरही गुन्हाच राहिली. मधल्या काळात बंदीच्या बाजूने मोर्चे काढणाऱ्या बायका आणि विरोधात बोलणारे दुकानदार, दोघांनाही निर्णय कळला तो टीव्हीवरून, मुंबईहून.

म्हणून मला वाटतं, मोह गाळायचा परवाना ग्रामसभेच्या नावाने द्यावा. कंपनीला नको, एकेकट्या माणसालाही नको. यासाठी नवं तत्त्वज्ञान लागत नाही. आदिवासीबहुल 'अनुसूचित' क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे. त्यात दोन अधिकार लागोपाठ लिहिलेत: मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांची विक्री नि सेवन नियंत्रित करण्याचा, आणि गौण वनोपजाच्या, म्हणजे जंगलातल्या फुला-पानांसारख्या मालाच्या, मालकीचा. मोहाचं फूल म्हणजे दुसरा, त्याची दारू म्हणजे पहिला. कायदा करणाऱ्यांनी मोहच डोळ्यांसमोर ठेवला होता की काय, असं वाटावं इतकं ते नेमकं बसतं. ज्या गावाला नको त्याने नको म्हणावं आणि ते नको सरकारने पाळावं, देशीच्या दुकानासकट. ज्याला हवं त्याने फाल्गुन ते ज्येष्ठ भट्टी लावावी.

छोट्या भट्टीवर सरकारी माणसाला नजर ठेवता येत नाही, असं उत्पादन शुल्कवाले म्हणतील. स्कॉटलंडात दोनशे वर्षांपूर्वी हेच म्हणत होते. डोंगरात घरोघर चोरून व्हिस्की गाळली जायची, शिपायांशी मारामाऱ्या व्हायच्या. १८२३ च्या कायद्याने परवाना १० पौंडांवर आणला आणि ४० गॅलनइतकं लहान भांडं चालेल असं ठरवलं. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला. त्याला शिपायांची भीती उरली नाही; शेजारच्या चोरट्या भट्टीवाल्यांची मात्र इतकी होती की कंबरेला पिस्तुलं लावून फिरायचा. आज ज्या सिंगल माल्टचा पेग मी हजाराला विकतो, त्याचा खापरपणजोबा असा हातभट्टीवालाच.

शेजारच्या मध्य प्रदेशाने तर सुरुवातही केली आहे. २०२२ च्या धोरणात मोहाची 'हेरिटेज' दारू आदिवासी बचत गटांनी बनवायची ठरली, आणि अलीराजपूरची 'मोहुलो', दिंडोरीची 'मोंड' अशा बाटल्या निघाल्या. आपल्याकडे डहाणूच्या एका जुन्या डिस्टिलरीने 'सिक्स ब्रदर्स महुरा' आणली. ती चांगली आहे, मी ओततो. पण ती डिस्टिलरीची आहे, आणि या दोन वाटांमधला फरक मेनूवर कुठेच दिसत नाही.

एका खड्ड्याबद्दल सांगायला हवं. मेक्सिकोत अगाव्हे या झाडापासून गाळल्या जाणाऱ्या मेस्काल या दारूला १९९४ मध्ये मूळस्थानाचं कायदेशीर संरक्षण मिळालं. मग प्रमाणपत्र आलं, त्याचा खर्च आला, आणि पिढ्यान्पिढ्या गाळणाऱ्या कितीतरी छोट्या माणसांना स्वतःच्या दारूला मेस्काल म्हणायची सोय उरली नाही. ती 'अगाव्हेचं गाळप' अशा बेनाव लेबलाखाली विकतात. मानांकनामागे धावताना हे आपल्याकडेही होईल. तपासणीचा खर्च सरकारने करावा. कडकपणा मोजायची काचेची नळी काही शे रुपयांत मिळते, ती प्रत्येक भट्टीवर असावी. बाटली भरणाऱ्याने ग्रामसभेकडून लिटरच्या ठरल्या किमान भावाने माल उचलावा, आणि लेबलवर गावाचं नाव असावं, कंपनीच्या नावाइतक्याच अक्षरांत. आम्ही बारवाले मळ्यांची नावं घोकून गिऱ्हाइकाला वाइन विकतो. सिंदेवाही नि कुरखेडा म्हणायला जीभ वळेल.

गावाने ठरवायचं कसं, याचीही रीत आपल्याकडे तयार आहे. दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान होतं: उभी बाटली म्हणजे चालू ठेवा, आडवी बाटली म्हणजे बंद करा, आणि यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी केली की दुकानाला टाळं. भट्टीसाठीही तेच मतदान घ्यावं, दर तीन वर्षांनी, फक्त बायकांचं. मतपत्रिकेवर बाटलीच्या जागी मडकं छापावं.